रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा: कुठला आकडा कशाशी ताडून बघायचा

हल्ली रिपोर्ट मोबाइलवर येतो आणि डॉक्टरांच्या आधी घरातले सगळे तो वाचतात. नजर थेट ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. शेजारी ‘हाय’ किंवा ‘लो’ असं दिसलं की कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या मावशीपासून पुण्यातल्या भाच्यापर्यंत सगळ्यांना स्क्रीनशॉट जातो. खरं तर ठळक आकडा ही फक्त यंत्राने केलेली खूण असते. त्या आकड्याला सोबत कोण आहे, रक्त कधी नि कसं घेतलं आणि मागच्या वेळी तोच आकडा किती होता, हे बघितल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही.

उजवीकडे छापलेली मर्यादा म्हणजे निरोगी आणि आजारी यांच्यातली रेघ नव्हे. बहुतेक तपासण्यांत निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या पट्ट्यात येतात, तो पट्टा तिथे छापतात. म्हणजे शंभर धडधाकट माणसांतले पाच जण तसेही पट्ट्याबाहेर असणारच. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये साठ-सत्तर तपासण्या असतात, तेव्हा सगळं साधं आलं तरच नवल. साखर आणि कोलेस्टेरॉल यांचं मात्र वेगळं आहे. तिथल्या मर्यादा पुढच्या आजाराच्या धोक्यावरून ठरवलेल्या आहेत, म्हणून तिथे काठावरचा आकडाही गांभीर्याने घ्यायचा.

आधी सॅम्पल बघा, मग आकडा

चुकीच्या रिपोर्टांचं मूळ बऱ्याचदा यंत्रात नसतं, सुई टोचण्याआधीच्या बारा तासांत असतं.

उपाशीपोटी म्हणजे ८ ते १२ तास फक्त पाणी. बिनसाखरेचा चहाही चालत नाही. सकाळी फिरून येताना गंगावेशीत कट्ट्यावर पेलाभर धारोष्ण दूध घेतलं आणि तिथून लॅबमध्ये गेलं, तर उपाशीपोटीच्या साखरेला अर्थ उरत नाही. पाणी मात्र भरपूर प्या, शीर सापडायला सोपी जाते. रक्तदाबाची गोळी सहसा नेहमीच्या वेळी घेतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन उपाशीपोटीचं रक्त देऊन झाल्यावर, खाण्याच्या वेळी घ्यायचं.

आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा आणि मटणाचं ताट झालं असेल, तर दोन आकडे फसवू शकतात. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेलं दिसतं. शिजवलेल्या मांसातूनच क्रिएटिनिन (मूत्रपिंड गाळून टाकतं तो टाकाऊ पदार्थ) शरीरात जात असल्याने तेही काही तास वर राहतं. म्हणून मूत्रपिंडाची तपासणी असेल तर आदल्या दिवशी साधं जेवण बरं.

तालमीत जाणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचं. जोर-बैठका आणि झोंबीनंतर स्नायूंतून सीपीके आणि एसजीओटी ही एन्झाइम रक्तात उतरतात. एसजीओटी यकृतातही असतं, म्हणून पैलवानाचा रिपोर्ट यकृताच्या आजारासारखा दिसतो आणि यकृत ठणठणीत असतं. अशा वेळी निदान आठवडाभर मेहनत थांबवून पुन्हा रक्त द्यावं, सोबत सीपीके आणि जीजीटी तपासावं. जीजीटी हे यकृतातलं एन्झाइम स्नायूत नसतं. ते साधं आणि सीपीके वाढलेलं असेल, तर आकडा स्नायूंचा समजायचा.

जेवणानंतरची साखर जेवण संपल्यावर नव्हे, पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजतात. रोजचं जेवण, रोजची गोळी, रोजचीच मात्रा. आकडा चांगला यावा म्हणून त्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली, तर फसगत स्वतःचीच.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी रक्त, मग गोळी. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या निदान दोन दिवस आधी बंद ठेवाव्यात. काही यंत्रांवर बायोटिनमुळे टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) खोटं कमी दिसतं.

रक्त कुठल्या नळीत घेतलं तेही बघा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) जांभळ्या टोपणाच्या नळीत, साखर राखाडी टोपणाच्या नळीत, बाकीचं बहुतेक लाल किंवा पिवळ्या टोपणाच्या. राखाडी नळीत फ्लोराइड असतं. ते नसेल तर नळीतल्या पेशी साखर खात राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते. आजरा, चंदगड किंवा गगनबावड्याकडून सकाळी घेतलेलं रक्त संध्याकाळी कोल्हापूरच्या लॅबमध्ये पोहोचतं, तेव्हा हा फरक मोठा असतो. पेशी वेगळ्या न करता तसंच ठेवलेलं रक्त असेल, तर पोटॅशियम उलट खोटं वाढतं. गावातून नमुना पाठवायचा असेल तर रक्त तिथेच यंत्रात फिरवून सीरम, म्हणजे पेशींविना उरलेला द्रव, वेगळं करतात का, एवढं विचारून घ्या. रिपोर्टच्या तळाशी ‘हिमोलाइज्ड’ (पेशी फुटलेल्या) असा शेरा असेल, तर पोटॅशियम आणि एसजीओटी यांवर विश्वास ठेवू नये. पुन्हा रक्त द्यावं.

सीबीसी: सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त सांगणारी तपासणी

हिमोग्लोबिन पुरुषांत १३, स्त्रियांत १२ आणि गरोदरपणात ११ ग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली गेलं तर तो रक्तक्षय. इथे थांबून लोहाची गोळी सुरू करणं ही नेहमीची घाई. त्याच पानावर पुढचे तीन आकडे वाचा: एमसीव्ही, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातला फरक) आणि आरबीसी काउंट (तांबड्या पेशींची संख्या).

एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान. ते ८० ते १०० असावं. ८० च्या खाली म्हणजे पेशी लहान, आणि आपल्याकडे त्याचं पहिलं कारण लोहाची कमतरता. दुसरं कारण थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाचा सौम्य प्रकार, आणि ते वारंवार सुटतं. दोन्ही वेगळे काढण्याचा एक सोपा हिशेब आहे. एमसीव्हीला आरबीसी काउंटने भागा. एका बाईचं हिमोग्लोबिन ९.२, एमसीव्ही ७२, आरबीसी ४.१ आहे. ७२ भागिले ४.१ म्हणजे साडेसतरा. १३ पेक्षा जास्त, म्हणून लोहाची कमतरता जास्त संभवते. दुसऱ्या मुलीचं हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही ६६, आरबीसी ५.६ आहे. भागाकार पावणेबारा, म्हणजे १३ च्या खाली. इथे थॅलेसेमिया मायनरचा संशय घ्यायचा. लोहाच्या कमतरतेत आरडीडब्ल्यू बहुधा १४.५ च्या वर असतं, कारण पेशी लहान-मोठ्या मिसळलेल्या असतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये पेशी सगळ्याच सारख्या लहान, त्यामुळे आरडीडब्ल्यू बरेचदा साधं असतं.

हा हिशेब फक्त संशय घेण्यापुरता. पक्कं निदान लोहासाठी फेरिटिनने (लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिन एचपीएलसीने (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजणारी तपासणी) होतं. लोह खूप कमी असताना एचपीएलसी फसू शकते, म्हणून लोह भरून काढून ती केलेली चांगली. लग्न ठरण्याआधी ही तपासणी झाली तर उत्तम. मायनर असलेल्या माणसाला स्वतःला फारसा त्रास नसतो, पण आई आणि बाप दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमिया, होण्याची शक्यता २५ टक्के असते.

फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपत आलाय असं समजावं. मात्र ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा ते साधं दिसलं तरी लोह कमी असू शकतं. उपचारात दोन चुका ठरलेल्या. गोळीवर लगेच चहा घेतला जातो, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. आणि हिमोग्लोबिन वर आलं की गोळी बंद होते, खरं तर साठा भरायला पुढे आणखी तीन महिने ती चालू ठेवावी लागते. राहिला गुळाचा प्रश्न. कोल्हापुरात हे लिहायला धीर लागतो, पण शेंगदाणा-गुळाने रक्तक्षय भरून येत नाही. गुळात लोह थोडं, त्यातलं शोषलं जातं त्याहून थोडं. आवडतो म्हणून खावा, गोळीच्या बदल्यात नाही.

एक गोष्ट दुर्लक्षून चालणार नाही. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोह कमी निघालं, तर रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं. मूळव्याध असू शकते, जठरातला व्रण असू शकतो, मोठ्या आतड्याची गाठही असू शकते. नुसतं टॉनिक घेऊन सहा महिने काढले तर तेवढा वेळ वाया जातो.

एमसीव्ही १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलेट कमी, दारू, किंवा थायरॉइड मंद, या क्रमाने बघतात.

पांढऱ्या पेशी साधारण ४ हजार ते ११ हजार. १२-१३ हजार दिसले की लगेच अँटिबायोटिक मागू नये. स्टिरॉइडची गोळी, गरोदरपण, जोराचा व्यायाम, धूम्रपान यांनीही त्या वाढतात. टक्क्यांपेक्षा ‘अ‍ॅब्सोल्यूट’ आकडा, म्हणजे पेशींची प्रत्यक्ष संख्या, वाचा. लिम्फोसाइट, न्यूट्रोफिल, इओसिनोफिल हे पांढऱ्या पेशींचेच प्रकार. लिम्फोसाइट ५५ टक्के दिसले, पण एकूण पेशी ३ हजारच असतील, तर लिम्फोसाइट वाढलेले नसतात, न्यूट्रोफिल घटलेले असतात. इओसिनोफिल ५०० च्या वर म्हणजे बहुधा अ‍ॅलर्जी, दमा किंवा पोटात जंत.

ताप, प्लेटलेट आणि पावसाळा

प्लेटलेट दीड ते साडेचार लाख. एकक आधी बघा: काही लॅब २.१ लाख छापतात, काही २१० छापून शेजारी ‘हजार’ लिहितात. दोन्ही एकच.

डेंग्यूत प्लेटलेट तापाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरतात. ताप उतरला की घरच्यांना हायसं वाटतं, पण धोक्याचे २४ ते ४८ तास नेमके तेव्हा सुरू होतात. त्या काळात प्लेटलेटइतकंच हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) महत्त्वाचं. ते रुग्णाच्या मूळ आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी चढलं, म्हणजे समजा ४० वरून ४८ झालं, तर रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून रक्त दाट होतंय असा अर्थ. ६० हजार प्लेटलेट आणि स्थिर हिमॅटोक्रिट यापेक्षा ९० हजार प्लेटलेट, चढतं हिमॅटोक्रिट आणि पोटात दुखणं जास्त चिंतेचं. नुसता आकडा बघून प्लेटलेटची पिशवी चढवायची नसते. रक्तस्राव नसेल तर साधारण १० हजारांच्या खाली गेल्यावर तिचा विचार होतो.

ताप नाही, रक्तस्राव नाही, अंगावर डाग नाहीत आणि प्लेटलेट अचानक ४० हजार? जांभळ्या नळीतल्या ईडीटीए या रसायनामुळे काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र तो पुंजका मोजत नाही. स्लाइडवर डोळ्यांनी बघायला सांगा आणि फिकट निळ्या टोपणाच्या नळीत पुन्हा रक्त द्या. अशा रुग्णाच्या प्लेटलेट मुळात कमी नसतातच.

पंचगंगेचं पाणी २०१९ आणि २०२१ साली घराघरांत शिरलं. पुराच्या किंवा शेतातल्या साचलेल्या पाण्यात वावरल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा ताप मनात ठेवावा. डेंग्यूशी त्याची गल्लत होते, कारण प्लेटलेट दोन्हींत उतरतात. फरक सोबतच्या आकड्यांत दिसतो. डेंग्यूत पांढऱ्या पेशी सहसा कमी आणि क्रिएटिनिन बहुधा साधं. लेप्टोत न्यूट्रोफिल वाढलेले, क्रिएटिनिन चढतं, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) वर गेलेलं आणि पोटऱ्या ठणकतात. पाण्यात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा, रिपोर्टात ते कुठे छापलेलं नसतं.

विडाल या रक्ततपासणीवर विसंबून टायफॉइड ठरवू नये. जुना संसर्ग किंवा दुसराच ताप असतानाही ती पॉझिटिव्ह येते. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून बघणं) खरं.

साखर

उपाशीपोटी १०० च्या खाली साधी, १०० ते १२५ काठावर, १२६ पासून मधुमेह. ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० च्या खाली साधी, २०० पासून मधुमेह. एचबीए१सी ५.७ च्या खाली साधं, ६.५ पासून मधुमेह. काहीच लक्षण नसेल तर एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासा किंवा दोन वेगळ्या तपासण्या जुळतात का बघा.

एचबीए१सी तीन महिन्यांची सरासरी सांगतं. ७ म्हणजे सरासरी १५४, ८ म्हणजे १८३. पण ते तांबड्या पेशींच्या आयुष्यावर बेतलेलं आहे. लोहाची कमतरता असेल तर ते खोटं वाढतं. रक्तस्राव झाला असेल, नुकतं रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेल असेल तर खोटं कमी दिसतं. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईचं एचबीए१सी ६.२ आलं, तर आधी रक्तक्षय बरा करा, तोवर साखर ग्लुकोमीटरने तपासा. उसाचा रस, काकवी, सेंद्रिय गूळ यांनी साखर वाढत नाही हा समज आकडे मोडून काढतात. हवं तर खाल्ल्यावर दोन तासांनी स्वतःच मोजून बघा.

मूत्रपिंड आणि यकृत

क्रिएटिनिन पुरुषांत साधारण ०.७ ते १.३, स्त्रियांत ०.६ ते १.१. हा आकडा उशिरा बोलतो, मूत्रपिंडाचं जवळजवळ निम्मं काम गेलं तरी तो मर्यादेत राहू शकतो. म्हणून शेजारचं ईजीएफआर (मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग) वाचा. ते तीन महिने सलग ६० च्या खाली राहिलं तर मूत्रपिंडाचा जुनाट आजार. पंचाहत्तरीच्या बारीक अंगाच्या आजींचं क्रिएटिनिन १.१ आणि दणकट पैलवानाचं १.३ असेल, तर जास्त काळजी आजींची करायची. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन (प्रथिन)-क्रिएटिनिन गुणोत्तर तपासा, ते क्रिएटिनिनच्या आधी इशारा देतं. ३० च्या वर गेलं तर दखल घ्यायची.

एका लॅबचं युरिया ३२ आणि दुसऱ्या लॅबचं बीयूएन (युरियातला नायट्रोजन) १५ बघून आकडा निम्म्यावर आला असं वाटतं. तसं नसतं. बीयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया मिळतं.

यकृताच्या रिपोर्टात एसजीपीटी ही पेशींना इजा झाल्याची खूण आहे, यकृत किती काम करतंय याचं माप नव्हे. काम अल्ब्युमिन आणि पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणारा वेळ) सांगतात. एसजीपीटी ६०-८० वर रेंगाळत असेल तर बहुधा यकृतात चरबी, आणि सात ते दहा टक्के वजन उतरवणं हा त्यावरचा खरा उपाय. एसजीओटी एसजीपीटीच्या दुप्पट असेल तर दारूचा संशय घ्यावा. दोन्ही हजारात असतील तर विषाणूजन्य कावीळ किंवा औषधाची इजा. तिथे पाल्याचं औषध घेत घरी बसू नये. उलट फक्त बिलिरुबिन दीड-दोन, त्यातही इनडायरेक्ट जास्त, बाकी सगळं साधं आणि उपवासात आकडा वाढतो, अशा माणसाला बहुधा गिल्बर्ट हा निरुपद्रवी आनुवंशिक दोष असतो. त्याला औषध लागत नाही.

कोलेस्टेरॉल, थायरॉइड, जीवनसत्त्वं

बऱ्याच लॅब एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) प्रत्यक्ष मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. एकूण २१०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २५० असेल तर एलडीएल १२२. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हा हिशेब चुकतो. आपल्याकडे ट्रायग्लिसराइड जास्त आणि एचडीएल कमी अशी जोडी फार, म्हणून एकूणमधून एचडीएल वजा केलेला नॉन-एचडीएल आकडा बघावा. वरच्या उदाहरणात तो १७२ येतो, हवा १३० च्या खाली. मधुमेह असेल किंवा हृदयविकार होऊन गेला असेल तर लक्ष्य याहून खाली असतं.

टीएसएच साधारण ०.४ ते ४. ५ ते १० च्या मध्ये असेल आणि फ्री टी-४ (थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक) साधं असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा बघतात. बऱ्याच जणांचं आपोआप खाली येतं. गरोदरपणात मात्र थांबायचं नाही. गोळीची मात्रा बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत टीएसएच करणं म्हणजे पैसे वाया.

बी-१२ २०० च्या खाली म्हणजे कमी. शाकाहारी, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी घेणारे आणि वर्षानुवर्षं अ‍ॅसिडिटीची गोळी घेणारे यांत ते घटतं. ड जीवनसत्त्व २० च्या खाली म्हणजे कमतरता. आठवड्याची ६०,००० युनिटची गोळी ठरल्या आठवड्यांपुरती असते. ती वर्षभर चालू ठेवली तर कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

पॅकेजमध्ये फुकट मिळाले म्हणून सीए-१२५, सीईए असले कॅन्सरचे मार्कर करू नयेत. लक्षण नसलेल्या माणसात ते निदानापेक्षा घबराट जास्त देतात.

जुना रिपोर्ट शेजारी ठेवा

शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा. क्रिएटिनिन ०.९ चं १.० होणं, हिमोग्लोबिन १२.४ चं १२.१ होणं, कोलेस्टेरॉल १९० चं २०० होणं, यांत काही घडलेलं नसतं. पण क्रिएटिनिन तीन रिपोर्टांत ०.८, १.०, १.२ असं चढत गेलं, तर एकही आकडा ठळक नसताना ते दाखवण्यासारखं आहे. वहीत तारीख, लॅब, उपाशी होता की नाही आणि चालू औषधं एवढं लिहून ठेवा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत किंवा खासगी दवाखान्यात, डॉक्टरांना मिळणाऱ्या पाच मिनिटांत ते पान जाड फाइलपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

पुढचे आकडे मात्र उद्यावर टाकायचे नाहीत: हिमोग्लोबिन ७ च्या खाली, प्लेटलेट २० हजारांच्या खाली किंवा कितीही असताना रक्तस्राव, सोडियम १२५ च्या खाली, पोटॅशियम ६ च्या वर, साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर आणि सोबत उलट्या, काही दिवसांत दुप्पट झालेलं क्रिएटिनिन, कावीळ आणि सोबत गुंगी किंवा असंबद्ध बोलणं. साखर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर निघण्याआधी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका. पोटॅशियम हिमोलाइज्ड नमुन्यामुळे वाढलेलं असू शकतं, तरी ते ठरवायला घरी थांबू नये. दवाखान्यात ईसीजी काढून लगेच दुसरं रक्त दिलं की तासाभरात उलगडा होतो.